हिरोडोटस वाचताना वही कशी ठेवावी

रोमन वक्ता सिसेरोने प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसला 'इतिहासाचा जनक' म्हटलं, आणि त्याच वाक्यात त्याच्याकडे दंतकथांचा सुकाळ आहे हेही सांगून टाकलं. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने तर त्याच्या दुष्टबुद्धीवर अख्खा निबंध लिहिला. सगळा माणूस एकदम खरा किंवा एकदम खोटा ठरवायला गेलं की असं होतं. हिरोडोटस विधानागणिक तपासायचा असतो आणि त्यासाठी वही लागते.

आधी प्रत नीट निवडा. त्याच्या 'हिस्टरीज' या ग्रंथाचे नऊ भाग आहेत आणि प्रत्येकात क्रमांक घातलेली प्रकरणं. समासात हे क्रमांक नसलेली प्रत घेऊ नका. पानाचा आकडा टिपला तर दुसऱ्याच्या प्रतीत तो जुळत नाही. 7.152 म्हणजे सातवा भाग, प्रकरण 152. सुरुवातही सातव्या भागापासूनच करा. पहिल्यापासून निघालेले बरेच वाचक दुसऱ्या भागातल्या इजिप्तच्या लांबलचक वर्णनात अडकतात.

वहीत चार रकाने आखा: प्रकरण, विधान, त्याला ते कसं कळलं, आणि बाहेरचा पुरावा. तिसरा रकाना सगळ्यात मोलाचा. 2.99 मध्ये तो स्वतःच सांगतो की इथवर माझं पाहणं, माझी समज आणि माझी चौकशी होती, पुढे इजिप्शियन लोकांकडून ऐकलेलं आहे. 7.152 मध्ये म्हणतो, लोक सांगतात ते नोंदवणं माझं काम, त्यावर विश्वास ठेवणं नव्हे. हा रकाना रिकामा ठेवला की ऐकीव गोष्टी त्याच्या नावावर चढतात.

त्याचा अविश्वासही टिपा. 4.42 मध्ये फिनिशियन खलाशी तांबड्या समुद्रातून निघून आफ्रिकेला वळसा घालून तिसऱ्या वर्षी इजिप्तला परततात. वाटेत सूर्य उजव्या हाताला होता, असं ते सांगतात. हिरोडोटसला हे पटत नाही. पण विषुववृत्ताच्या दक्षिणेला पश्चिमेकडे जाताना दुपारचा सूर्य उत्तरेला, म्हणजे उजवीकडेच दिसणार! त्याने न पटलेलं गाळलं नाही, म्हणून आज ती सफर खरी मानायला आधार उरला.

आकडे मात्र फोडून बघा. ग्रीसवर चालून आलेल्या इराणी सम्राट झर्क्सीसबरोबरची माणसं तो 52,83,220 सांगतो. आशियातून आलेले 23,17,610, वाटेत मिळालेले युरोपीय 3,24,000, बेरीज 26,41,610. मग नोकरचाकरही तेवढेच असतील असं धरून तो सरळ दुप्पट करतो. शेवटच्या आकड्याचा नेमकेपणा फसवा आहे, कारण त्यातला निम्मा भाग अंदाज आहे.

हीच सवय नाशिककरांना पांडवलेण्यांवर करता येते. लेणं क्रमांक 10 मध्ये शक क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तीन लाख गाई दान केल्याचं कोरलंय. क्रमांक 3 मध्ये गौतमी बलश्री आपल्या मुलाला, सातवाहन राजा गौतमीपुत्राला, शक-यवन-पल्हवांचा संहारक म्हणते. टॉर्च बाजूने धरा. समोरून झोत टाकला की अक्षरं सपाट दिसतात. भिंतीला हात लावू नका. तिसऱ्या रकान्यात लिहा: सांगणारी आई, तीही मुलाच्या पश्चात. चौथ्यात लिहा जोगलटेंभी, हे नाशिक जिल्ह्यातलं गाव. 1906 साली तिथे नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली आणि त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला होता. आईच्या स्तुतीतला नहपानावरचा विजय इथे पक्का होतो. तीन लाख गाईंसमोर मात्र चौथा रकाना कोराच ठेवा.

चरित्र शेवटी लिहा आणि थोडक्यात. जन्म हॅलिकर्नासस, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं बोद्रुम. पुढे दक्षिण इटलीतल्या थुरी वसाहतीशी त्याचा संबंध आला. जुलमी सत्ताधीश लिग्डामिस, सामोस बेटावरचा आश्रय वगैरे तपशील मुख्यतः 'सूदा' या बायझंटाइन कोशातून येतात, आणि तो दहाव्या शतकातला, म्हणजे जवळपास चौदाशे वर्षांनंतरचा. इ.स.पू. 484 हे जन्मवर्षही मागे मोजून काढलेलं आहे: 431 मध्ये अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातलं पेलोपोनेशियन युद्ध सुरू झालं तेव्हा तो 53 वर्षांचा होता, अशी एक प्राचीन नोंद आहे. त्यामुळे वर्षाआधी 'सुमारे' लिहायला विसरू नका.