एका स्पेसने खाल्लेली जत्रा

डिचोलीला घरी रात्री कॅमेऱ्याचं कार्ड साफ करत होतो. लिनक्सवर ‘आरएम’ या फाइली पुसणाऱ्या आज्ञेला ‘आरएफ’ (फोल्डरसकट, न विचारता पूस) जोडलं, पुढे ‘जुने’ आणि लगेच तारांकन हवं होतं, म्हणजे ‘जुने’ने सुरू होणारं तेवढंच गेलं असतं. मध्ये स्पेस पडली आणि सुट्या तारांकनाचा अर्थ ‘सगळं’. ‘जुने’ राहिलं बाजूला, कार्डावरचं सगळंच गेलं. शिरगावच्या जत्रेत निखाऱ्यांवरून जाणाऱ्या धोंडांचे, म्हणजे लईराई देवीच्या व्रतस्थ भक्तांचे, फोटोसुद्धा. पोटात गोळाच आला.

आरएम कचरापेटीत काही टाकत नाही. मूळ ‘रूट’ डिरेक्टरी, म्हणजे सगळी सिस्टीम जिच्यात असते ती, उडवायला तो नकार देतो, पण तुमच्या फोटोंचं त्याला काय!

एक शहाणपण सुचलं: कार्ड लगेच काढलं, त्यावर काहीच लिहिलं नाही. फाइल पुसली तरी वर दुसरं काही लिहीपर्यंत मजकूर बहुधा तसाच असतो. मग पुसलेल्या फाइली शोधून काढणारं फोटोरेक चालवलं आणि फाइली लॅपटॉपवर उतरवल्या, कार्डावर नाही. धोंड परत आले, नावं मात्र गेली. एफ-अमुक-तमुक आकडे उघडून बघत दोन संध्याकाळी गेल्या.

आता असं टोपणनाव (एलियस) केलंय, की आरएम लिहिलं की मोठा ‘आय’ आपोआप लागतो आणि तीनपेक्षा जास्त फाइली असल्या की एकदा विचारतो. पण सवयीने ‘एफ’ लावला की तो प्रश्नही गप्प! म्हणून पुसायला ‘जीआयओ ट्रॅश’ ही फाइल कचरापेटीत टाकणारी आज्ञा वापरतो.