ओव्हेर्न्यच्या डोंगरात मुक्काम कुठे करायचा?

मध्य फ्रान्सच्या ओव्हेर्न्य भागातल्या क्लेरमों-फेराँ शहरात नव्याने आलेली आपली मंडळी सुरुवातीला घर, बँक आणि प्रेफेक्त्यूरच्या (राहण्याचा परवाना देणाऱ्या सरकारी कचेरीच्या) कागदपत्रांत पार बुडालेली असतात. मग कधीतरी लाँग वीकेंड येतो आणि फोन वाजतो, "दादा, डोंगरात दोन दिवस जायचंय. कुठे राहू?" तोवर मोबाईलवर नकाशा उघडून, बघायच्या सगळ्या ठिकाणांच्या बरोब्बर मधोमध असलेली एक खोली हेरूनही झालेली असते. माझ्याकडून फक्त 'हो' हवं असतं. ते मी सहसा देत नाही. या भागात खोली शेवटी बघायची. आधी दरी ठरवायची.

हे काँतालमध्ये सगळ्यात नीट कळतं. काँताल म्हणजे एक अवाढव्य, कधीचा विझलेला ज्वालामुखी. आपल्या सह्याद्रीत लाव्हा थरावर थर पसरत गेला. इथे तो एका जागी उंच साठला आणि नंतर हिमनद्यांनी त्याला सगळ्या बाजूंनी कोरलं. त्यामुळे प्वी मारी या १७८३ मीटरच्या शिखराभोवती दऱ्या चाकाच्या आऱ्यांसारख्या बाहेर गेल्यात. सेर नदीची एक, जोर्दानची दुसरी, आलान्योंची तिसरी, अशा बऱ्याच. शेजारच्या दरीतलं गाव नकाशावर हाताच्या अंतरावर दिसतं, पण तिथे जायला एकतर वरची खिंड चढायची, नाहीतर पार खाली उतरून वळसा घालायचा. प्वी मारीच्या पायथ्याची पा द पेरोल ही खिंड जवळजवळ १५९० मीटर उंचीवर आहे आणि साधारण नोव्हेंबरपासून मे उजाडेपर्यंत बर्फामुळे बंद असते. म्हणजे मार्चमध्ये खिंडीच्या एका बाजूच्या सालेर गावात खोली घेतली आणि पलीकडच्या म्युराला फिरायला जायचं म्हटलं, तर अर्धा दिवस गाडीतच. इथे किलोमीटर विचारूच नका, तास विचारा.

माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला सेरच्या दरीत राहावं. विक-स्यूर-सेर किंवा तियेझाकला. वर ल लिओराँचा बोगदा बाराही महिने सेर आणि आलान्यों या दोन दऱ्या जोडून ठेवतो, त्यामुळे एका मुक्कामात दोन्ही बाजू होतात. ल लिओराँहून प्लोंब द्यू काँतालच्या (१८५५ मीटर) माथ्याजवळपर्यंत केबल कार जाते, लहान मुलं असली तरी चालतं. सालेर सुंदर आहे यात वाद नाही. काळ्या दगडाची घरं, बुरुजांची टोकदार छपरं, चौकात बसून कॉफी. पण जुलै-ऑगस्टमध्ये तिथे पर्यटकांची रीघ लागते आणि संध्याकाळी ते गेले की करायला काही उरत नाही. सकाळी जाऊन दुपारी परत यावं.

क्लेरमोंच्या दारातच असलेल्या प्वी द दोमसाठी (१४६५ मीटर) मुक्कामाची गरजच नाही. २०१२ पासून दातेरी रुळांची गाडी वर जाते. घरून निघून दुपारच्या जेवणाला परत येता येतं.

साँसी या दुसऱ्या डोंगराच्या बाजूला निवड सोपी आहे, दोनच तोंडं आहेत. पश्चिमेकडे ल मों-दोर आणि ला बूरबूल ही गरम पाण्याच्या झऱ्यांची जुनी गावं. श्वसनाच्या विकारांसाठी डॉक्टरच्या चिठ्ठीवर तीन आठवडे उपचार घ्यायला लोक येतात, म्हणून तिथे छोट्या, स्वयंपाकाच्या सोयीच्या स्टुडिओंचा सुकाळ आहे. दोघांना त्या स्वस्त आणि मस्त. १८८५ मीटरच्या प्वी द साँसीची केबल कारही ल मों-दोरहूनच वर जाते. मात्र चार जणांनी तिथे राहायचं म्हणजे एकाची बॅग दुसऱ्याच्या पलंगावर. पूर्वेकडे बेस, शाँबों तलाव, म्युरोलचा किल्ला, साँ-नेक्तेर. मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर डोळे मिटून पूर्व बाजू घ्या: तलाव आहे, सपाटी आहे, चीज बनवणाऱ्या शेतकऱ्याच्या गोठ्यात शिरायला मिळतं. दोन बाजूंना जोडणारी क्र्वा साँ-रोबेरची खिंडही हिवाळ्यात बंद असते, एवढं ध्यानात असू द्या.

आता घर. 'झीत' म्हणजे अख्खं घर भाड्याने, स्वयंपाकघरासकट. 'शाँब्र दोत' म्हणजे मालकाच्याच घरात खोली आणि सकाळचा नाश्ता. कायद्याने अशा खोल्या जास्तीत जास्त पाच. 'झीत देताप' ट्रेकर लोकांचं, बंकबेड आणि सामायिक न्हाणीघर. ट्रेकिंग क्लबात वाढलेल्यांना तिथे घरच्यासारखं वाटेल, बाकीच्यांना नाही.

झीतमध्ये आपली लोकं दोन-तीन ठिकाणी हमखास अडकतात. चादरी आणि टॉवेल बऱ्याचदा भाड्यात नसतात, वेगळे पैसे देऊन घ्यायचे किंवा घरून न्यायचे. निघायच्या दिवशी साफसफाई आपण करायची, नाहीतर तिचे वेगळे पैसे. साफसफाई म्हणजे खरोखरची: भांडी कपाटात, कचरा वेगवेगळा करून गावाच्या पेट्यांत, ओव्हन पुसलेला. मालकीणबाई किल्ली घ्यायला येतात तेव्हा गप्पा मारता मारता फ्रीज उघडून बघतात, त्यात राग मानू नये. हिवाळ्यात वीज आणि शेगडीची लाकडं धरून भाडं आहे का, हे आधी विचारा. दगडी घर तापवायला लाकूड भरपूर लागतं.

आणि कुकर. गावाकडून आणलेला ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही, आणि डागडुजी केलेल्या झीतमध्ये आता इंडक्शनच जास्त दिसतं. जाहिरातीत फोटो असतो, शेगडी मोठी करून बघा. स्टीलच्या तळाचा छोटा कुकर, मसाल्याचा डबा आणि मूगडाळ-तांदूळ एवढं गाडीत टाकलं की आठवडा निघतो. फोडणी देताना खिडकी उघडा. प्रत्येक घरात धुराचा अलार्म सक्तीचा आहे आणि मोहरीचा त्याला विशेष राग.

स्वयंपाक नकोच असेल तर 'ताब्ल दोत' असलेलं शाँब्र दोत शोधा. रात्री मालक आणि बाकीचे पाहुणे एकाच टेबलाशी बसतात, जे केलंय ते सगळ्यांना. फ्रेंच सुधारायला याहून चांगला क्लास नाही, दोन तास कोणी इंग्रजी बोलत नाही. शाकाहारी मंडळींनी मात्र खोली घेतानाच स्पष्ट सांगावं, आणि नुसतं 'शाकाहारी' म्हणून थांबू नये. मटण नाही, मासे नाहीत, डुकराच्या मांसाचे तुकडेही नाहीत, असं एकेक मोजून सांगायचं. कारण इथला लाडका पदार्थ त्रुफाद, बटाटा आणि ताजं तोम चीज, ऐकायला शाकाहारी वाटतो. पण त्यात बहुतेकदा डुकराची चरबी किंवा तुकडे असतात. आगाऊ सांगितलं तर बाई त्याशिवाय करून देतात, आणि तो पदार्थ आपल्याला खरंच आवडतो. कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी चीजबद्दलही विचारावं; इथली पारंपरिक चीजं वासराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध साखळवणाऱ्या पदार्थाने, लावलेली असतात.

रविवारचं गणित वेगळं. दुपारनंतर दुकानं बंद, गावातलं रेस्टॉरंट रविवारी रात्री आणि सोमवारी बंद असण्याची शक्यता मोठी. दुपारचं जेवण दीडनंतर मागितलं तर मान हलते, ती नकारार्थी. शनिवारी झीतवर पोचण्याआधी मोठ्या गावात थांबून पिशव्या भरून घ्या.

आई-बाबा भारतातून आले असतील तर जाहिरातीत दोन गोष्टी तपासा: झोपायची खोली आणि संडास एकाच मजल्यावर आहेत का, आणि जिना कसा आहे. जुन्या घरांत माळ्याची खोली करतात आणि वर जायला जवळजवळ शिडीच असते. फोटोत ती देखणी दिसते. रात्री दोनला उतरताना नाही. चर्चची घंटाही विचारा, काही गावांत ती रात्रभर तास वाजवते. गुरांच्या घंटांना इलाज नाही; मेअखेर ती वरच्या कुरणांवर चढली की ऑक्टोबरपर्यंत तिथेच.

गाडी नसेल तर हिरमुसू नका. क्लेरमों ते ओरियाक ही रेल्वे म्युरा, ल लिओराँ आणि विक-स्यूर-सेर या तिन्ही ठिकाणी थांबते आणि स्टेशनवरून पायवाटा सुरू होतात. गाडी चालवणाऱ्यांसाठी: नोकरीवर आलेल्यांना भारतीय लायसन्स फ्रेंच भाषांतरासह पहिलं वर्षच चालतं. ते बदलून मिळत नाही, इथली परीक्षा द्यावी लागते. विद्यार्थ्यांना शिक्षण संपेपर्यंत सवलत आहे. १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात डोंगराळ गावांत हिवाळी टायर किंवा साखळ्या सक्तीच्या आहेत. भाड्याच्या गाडीला ते असतीलच असं धरून चालू नका, काउंटरवर विचारा.

जुलै-ऑगस्टमध्ये झीत शनिवार ते शनिवारच मिळतं, दोन रात्रींसाठी विचारलं तर बहुधा नकार येतो. जून आणि सप्टेंबर उत्तम: कुरणं हिरवी, भाडं कमी, दोन-तीन रात्रीही चालतात. फेब्रुवारीच्या बर्फासाठी शाळांच्या सुट्टीचं वेळापत्रक बघा. देश अ, ब, क अशा विभागांत वाटलेला आहे, क्लेरमों अ मध्ये. आपल्या विभागाची सुट्टी नसताना गेलात तर निदान गावातल्या ओळखीच्या सगळ्यांशी तिथे गाठ पडत नाही. आणि कंपनीच्या कर्मचारी समितीकडून 'शेक-व्हाकाँस' म्हणजे सुट्टीचे चेक मिळत असतील तर ते खणात पडू देऊ नका. पुष्कळ झीतवाले ते घेतात, पण सगळे नाही. आरक्षणाच्या फोनवरच विचारून घ्या.