पात्राला खोट कशी द्यावी

नायकाला एखादा दोष हवा, हे हल्ली प्रत्येक नवख्या लेखकाला माहीत असतं. मग तो नायकाला विसराळू करतो, नाहीतर दिवसाला दहा कप चहा पाजतो. नोकरीच्या मुलाखतीत स्वतःचा अवगुण विचारल्यावर ‘मी जरा जास्तच काम करतो’ म्हणणाऱ्या उमेदवारासारखे हे दोष. त्यांनी कुणाचं काही बिघडत नाही, म्हणून ते कुणाला खरेही वाटत नाहीत. (लंगडेपणा, काळा रंग, तोतरेपणा हे तर दोषच नव्हेत. ती आळशी लेखकाची सोय.)

१. आधी गुण लिहा. डोंबिवलीतल्या एका सोसायटीत राहणाऱ्या शालिनीकाकू आपण उदाहरणापुरत्या घडवू. गुण: अडीनडीला धावणं. कुणाचं दुखणं असो की बाळंतपण, काकूंचा डबा हजर. आता हा गुण ताणत न्या, दुसऱ्याला काचेपर्यंत. काकू केलेलं काही विसरत नाहीत. कुणाला काय दिलं, कोण विचारपूस करायला आलं नाही, सगळं डोक्यातल्या वहीत नोंदलेलं.

२. ही खोट पूर्वी कधी कामाला आली होती, ते शोधा. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. १९८२च्या गिरणी संपात काकूंच्या नवऱ्याचा पगार थांबला. चाळीत वाटीभर साखर, मापटंभर तांदूळ उसने आणून घर चाललं. कुणाची वाटी परत करायची राहिली, हे लक्षात ठेवणं म्हणजे तेव्हा घराची अब्रू राखणं होतं. संप गेला, चाळ सुटली, वही मात्र डोक्यात राहिली. हा इतिहास तुम्हाला पूर्ण ठाऊक हवा. कथेत त्यातली एखादी वाटी आली तरी पुरे. पूर्ण प्रकरण लिहायचा मोह होतो, पण तसं केलं की लेखक पात्राची वकिली करतोय असं दिसतं.

३. पात्राला त्या खोटीचं वेगळं नाव द्या. आपण हिशेबी आहोत, असं काकूंना वाटतच नाही. त्या म्हणतात, “माणसानं जाण ठेवावी.” आपल्या दोषाचं अचूक निदान करणारी पात्रं छापील वाटतात.

४. विशेषण काढा, कृती ठेवा. आपल्याकडे शेजाऱ्यांचा डबा रिकामा परत देत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. काकू परत आलेल्या डब्याचं झाकण दारातच उघडून बघतात. आत काही नसेल तर “असू दे गं” म्हणतात आणि डबा पुन्हा घासायला टाकतात. घासून आलेला डबा! एवढं पुरतं.

५. किंमत दुसऱ्या कुणाला मोजायला लावा. शेजारच्या मुलीच्या लग्नाचं बोलावणं नुसतं व्हॉट्सॲपवर येतं. काकू जात नाहीत, घरातल्या कुणी जायचं नाही असंही ठरवतात. नवरी सुनेची जिवलग मैत्रीण. त्या संध्याकाळी सून स्वयंपाकघरात काय करत असेल? तो प्रसंग लिहा. नंतर तोच फास काकूंवर उलटवा: हात मोडलाय, शेजारीण डबा घेऊन आलीय, आणि डबा भरून परत द्यायचा म्हणून काकू एका हातानं लाडू वळू बघताहेत.

इथे एक गल्लत फार होते, परिणामालाच दोष समजण्याची. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तल्या सुधाकरचा दोष दारू, असं आपण सहज बोलून जातो. पण प्याला नंतर येतो. त्याआधी कोर्टात मुन्सफाशी खटका उडून त्याची वकिलीची सनद काही काळासाठी जाते, आणि तो अपमान त्याला गिळवत नाही. कुणापुढे मान न वाकवणं एरवी गुणच की! खोट तिथे आहे, दारूला वाट तिनं करून दिली.

६. शेवटच्या पानावर पात्राला सुधारू नका. फार तर एकदा डब्याचं झाकण न उघडता तो फळीवर ठेवू द्या.

मग खर्डा वाचताना ‘हिशेबी’, ‘स्वार्थी’, ‘तिरसट’ असे शब्द शोधून निवेदनातून खोडा. सुनेनं रागाच्या भरात, तेही काकू ऐकत नाहीत असं समजून, उच्चारलेला एखादा राहिला तर राहू द्या.