ट्रॅपिस्ट-१ ई: हवा शोधण्याआधी ताऱ्याचे डाग काढा

सुमारे ४० प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-१ या लाल बटू ताऱ्याचा चौथा ग्रह, ई, पाणी द्रवरूपात टिकू शकेल अशा अंतरावर फिरतो. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने २०२३ मध्ये टिपलेली त्याची अधिक्रमणे (ग्रह ताऱ्यासमोरून जाणे) मास्ट या दुर्बिणींच्या डेटाच्या संग्रहात आहेत.

डेटा उघडण्याआधी कागदावर गणित करा. नायट्रोजनची हवा, २५० केल्विन तापमान आणि ८ मी/से² गुरुत्व धरले, तर स्केल हाइट (दाब २.७ पटीने घटायला लागणारी उंची) सुमारे ९.३ किमी येते. अधिक्रमणात ताऱ्याचा प्रकाश अर्धा टक्का घटतो, पण एका स्केल हाइटने पडणारा फरक दहा लाखांत १६ भागांचाच! पाच स्केल हाइट धरल्या तरी ८० भाग. त्यामुळे वर्णपटात ३०० भागांचा उंचवटा दिसला, तर तो नायट्रोजनच्या हवेचा नाही.

मग कच्च्या फ्रेमपासून सुरुवात करा. वर्णपटाची पट्टी झाकून प्रत्येक स्तंभाची पार्श्वभूमी वजा करा, तीही प्रत्येक ग्रुपवर (डिटेक्टरच्या एकेका वाचनावर), त्या वाचनांमधून सिग्नल वाढण्याचा उतार काढण्याआधी. नाहीतर डिटेक्टरचा संथ गोंगाट प्रकाशवक्रात (वेळेनुसार प्रकाश कसा बदलतो त्या आलेखात) उतरतो. ०.६५६ मायक्रॉनवरची हायड्रोजनची रेषा वेगळी काढून पाहा: ती उसळली की ताऱ्यावर ज्वाला उठलेली असते, आणि तेवढा भाग मॉडेलमध्ये धरावा लागतो किंवा वगळावा लागतो.

खरी अडचण यापुढे आहे. तारा जेमतेम २,५५० केल्विनचा, त्याच्या स्वतःच्याच वातावरणात पाण्याची वाफ असते. ग्रहाच्या वाटेबाहेर थंड डाग राहिले, तर पाण्याच्या पट्ट्यांत अधिक्रमण खोल भासते आणि वाफ ग्रहावर असल्याचा भास होतो. हा परिणाम शेकडो भागांचा असू शकतो. डागांची मॉडेल्स इतक्या थंड ताऱ्यांसाठी कच्ची आहेत, त्यांच्यावर फार विसंबू नका.

त्यापेक्षा याच ताऱ्याच्या सर्वांत आतल्या, बी ग्रहाची मदत घ्या. १५ मायक्रॉनवर त्याची दिवसाची बाजू सुमारे ५०० केल्विन भरली, म्हणजे उष्णता रात्रीकडे वाहून नेणारी दाट हवा तिथे दिसत नाही; त्याच्या वर्णपटातले चढउतार मग ताऱ्याचेच धरता येतात. बी आणि ई यांची अधिक्रमणे काही तासांच्या फरकाने झाली असतील, तर ईच्या वर्णपटाला बीच्या वर्णपटाने भागा. तारा ३.३ दिवसांत एक फेरी घेतो. आठ तासांत तो ३६ अंश वळतो, त्याहून मोठे अंतर घेऊ नका. दोघांच्या वाटा तंतोतंत एक नसल्याने वाटेतला डाग एकालाच लागू शकतो. तो प्रकाशवक्रात छोट्या उंचवट्यासारखा दिसतो, आधी तोच शोधा.

प्रत्येक अधिक्रमण असे स्वतंत्र सोडवा, सरासरी शेवटी. डाग दर खेपेला बदलतात, ग्रहाची हवा बदलत नाही.