पैठणीवर शोभेल असं कार्डिगन घरी शिवताना

जानेवारीतलं रिसेप्शन, तेही नाशिकच्या उघड्या लॉनवर. शाल सारखी घसरते आणि लोकरीचा स्वेटर चढवला की पैठणीची कळाच जाते. मी यावर ताणणाऱ्या कापडाचं, पुढून उघडं कार्डिगन शिवते. ब्लाउज शिवता येत असेल तर हे त्याहून सोपं आहे. टक्स नाहीत, अस्तर नाही. खरी परीक्षा पुढच्या पट्टीची.

कापड जाडसर आणि अंगाने वजनदार हवं. पाँटे, म्हणजे दाट विणीचं, ताणणारं होजिअरी कापड, उत्तम. टी-शर्टचं पातळ होजिअरी कितीही नीट शिवलं तरी घरातलंच दिसतं. दुकानातच १० सेंमी कापड आडवं ताणून बघा: साधारण १२ सेंमीपर्यंत जावं आणि सोडताच जागेवर यावं. ५८-६० इंच पन्हा असेल तर पावणेदोन मीटर पुरतं. मखमल घेतलंत तर सगळे भाग एकाच दिशेने बेता, नाहीतर एक बाही वेगळ्याच रंगाची वाटते. बेतण्याआधी कापड एकदा धुऊन घ्या.

अंगाला नीट बसणारा पूर्ण बाहीचा टी-शर्ट वर्तमानपत्रावर ठेवून आखा. छातीला एकूण दोन इंच सैल, शिवणीला अर्धा इंच माया, म्हणजे जादा कापड. उंची कमरेच्या हाडापर्यंतच ठेवा, म्हणजे साडीवरही चालेल आणि कुर्त्यावरही. पुढच्या भागाची कड मधल्या रेषेपासून दीड इंच आत घ्या आणि गळ्यापासून छातीपर्यंत तिरकी उतरवा. पट्टी पाच इंच रुंद कापा. घडी घालून शिवली की दोन इंचांची होते आणि बरोबर मधल्या रेषेवर येते. कापडाचा ताण अंगाभोवती आडवा यायला हवा.

सुई बॉलपॉइंट, म्हणजे गोलसर टोकाची, ११ किंवा १४ नंबरची. साधी सुई धागा भोसकते, मग टाके सुटतात आणि भोकं पडतात. दोरा पॉलिएस्टरचा, टाका अगदी अरुंद झिगझॅग.

आधी खांदे जोडा, शिवणीत न ताणणारी सुती फीत धरूनच. मग बाह्या सपाटच मुंढ्याला लावा आणि बाहीच्या टोकापासून बगलेतून खालपर्यंत एकच टीप मारा. आता कपडा रात्रभर हँगरवर टांगून ठेवा, तो थोडा उतरतो. सकाळी घेर सारखा करून खालची आणि बाह्यांची दुमड घाला.

आता पट्टी. माझ्या पहिल्या कार्डिगनला मी ती ओढून ओढून लावली आणि पुढची कड पापडासारखी वाकडीतिकडी झाली. सगळं उसवावं लागलं. तेव्हापासून मी पट्टीच्या आतल्या बाजूला ताणणाऱ्या कापडासाठीचं पातळ फ्यूजिंग, म्हणजे आधार देणारा चिकट थर, इस्त्रीने चिकटवते. पट्टी दोन तुकड्यांची, सांधा मागच्या गळ्याच्या मध्यावर. पुढची कड आणि पट्टी अगदी समसमान. मागच्या गळ्यापुरती पट्टी एक इंच कमी, तेवढाच भाग हलकेच ताणायचा. त्यामुळे गळा मानेला धरून बसतो. दोन्ही टोकं उलट बाजूने शिवून उलटवा, सुलट बाजूला कडेशी कड लावा, दर तीन इंचांवर टाचणी टोचा. टीप मारताना हात फक्त दिशा देण्यापुरता. कापड मशीनलाच ओढू द्या. शेवटी माया कार्डिगनकडे वळवून वरून एक टीप.

इस्त्री ओल्या सुती कापडावरून, दाबून उचलायची, घासायची नाही. मखमलीला उलट बाजूने फक्त वाफ.

पैठणीचा पदर दिसायला हवा असेल तर कार्डिगन पदराच्या आतून घाला. पिन खांद्याच्या शिवणीतच, फीत असलेल्या जागी लावा. नुसत्या कापडात लावली तर पदराच्या वजनाने तिथे भोक पडतं.