थिसिसचा डेटा घेऊन येण्याआधी या चुका टाळा

"मॅडम, डेटा तयार आहे, पी व्हॅल्यू तेवढी काढून द्या."

एमडी-एमएसच्या शेवटच्या वर्षातले रेसिडेंट हे वाक्य म्हणतच आत येतात. हातात पेन ड्राइव्ह, डोळ्यांत रात्रीची इमर्जन्सी, आणि गाइडने दिलेली मुदत परवा संपणार. पी व्हॅल्यू म्हणजे खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता. ती निघते हो, सॉफ्टवेअर काय, कशाचीही काढून देतं. पण थिसिसचं जे बिघडायचं ते बहुतेक वेळा पहिला रुग्ण घेण्याआधीच बिघडलेलं असतं, आणि ते माझ्यासारख्या संख्याशास्त्रवालीच्या टेबलावर दुरुस्त होत नाही.

नऊ रुग्ण की नऊशे?

फोर पी क्यू बाय एल स्क्वेअर. किती रुग्ण घ्यायचे ते सांगणारं, पीएसएममध्ये (सामाजिक वैद्यकशास्त्रात) घोकलेलं हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. इथला पी म्हणजे पी व्हॅल्यू नव्हे, तर आजाराचं अपेक्षित प्रमाण, क्यू म्हणजे शंभर वजा पी, आणि एल म्हणजे आपल्याला चालणारी चूक. घोळ होतो तो एलमध्ये. समजा पी १० टक्के आहे आणि सिनॉप्सिसमध्ये (अभ्यासाच्या आराखड्यात) नुसतं 'एल २० टक्के' लिहिलंय. हे पीचे २० टक्के असतील तर एल होतो २ आणि उत्तर येतं ९००. सरळ २० धरले तर उत्तर येतं ९. आणि नऊ रुग्ण तपासून आपण काय सांगणार, तर आजाराचं प्रमाण उणे १० ते ३० टक्क्यांच्या दरम्यान आहे! एल कशाचे टक्के आहेत हे सिनॉप्सिसमध्ये शब्दांत लिहा, म्हणजे एथिक्स कमिटीपुढे तोंडघशी पडायची वेळ येणार नाही.

दोन औषधांची तुलना असेल तर हे सूत्र लागूच होत नाही. तिथे आधी ठरवायचं की किती फरक पडला तर तो रुग्णाच्या दृष्टीने फरक म्हणायचा. मग मोजमापाचं एसडी (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते) किंवा सध्याचं प्रमाण, पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) ८० टक्के की ९०, आणि त्यावरून संख्या. 'प्रत्येक गटात ३०' हा आकडा कुठून आला असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "सिनियरने तेवढेच घेतले होते." एवढ्याशा गटांत फरक दिसला नाही, तर 'दोन्ही औषधं सारखीच गुणकारी' असं लिहू नका. फरक नाही हे सिद्ध झालेलं नसतं, तो आपल्याला सापडला नाही इतकंच.

सम-विषम म्हणजे रँडमायझेशन नव्हे

रँडमायझेशन म्हणजे कोणता रुग्ण कोणत्या गटात हे चिठ्ठी काढल्यासारखं निव्वळ योगायोगावर सोडणं. पण होतं काय, तर केसपेपरचा शेवटचा आकडा सम असेल तर नवं औषध, विषम असेल तर जुनं. किंवा सोमवारच्या ओपीडीला हे, गुरुवारच्या ओपीडीला ते. दिसायला निष्पक्ष आहे, पण पुढचा रुग्ण कुठल्या गटात जाणार हे आधीच कळतं. समोर पंच्याहत्तर वर्षांचे आजोबा, शुगर चारशे, आणि केसपेपरवर सम आकडा. 'यांना अभ्यासात नकोच घ्यायला' असं मनात येतंच, त्यात लबाडी असावी लागत नाही. १९४८ साली ब्रिटनमध्ये क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध झाली. रुग्ण १०७, गट ठरवले यादृच्छिक अंकांनी, आणि ते अंक बंद पाकिटांत. तेव्हा हाताशी संगणकही नव्हता. आपण यादी संगणकावर काढावी, पण स्वतःजवळ ठेवू नये. क्रमांक घातलेली, उजेडात धरली तरी आतलं दिसणार नाही अशी पाकिटं दुसऱ्या विभागातल्या कुणाकडे तरी द्यावीत, आणि रुग्णाचं नाव रजिस्टरला चढल्यावरच पाकीट फोडावं.

यातच एक राहून जातं, ते म्हणजे सीटीआरआयची, म्हणजे क्लिनिकल चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीतली, नोंदणी. १ एप्रिल २०१८ पासून ती पहिला रुग्ण घेण्याआधीच करावी लागते. 'सबमिशनच्या वेळी बघू' हे आता चालत नाही.

एका माणसाचे दोन डोळे

नेत्रविभागाचे थिसिस मला लांबूनच ओळखू येतात. शीर्षकात '६० डोळे', आत बघावं तर रुग्ण चाळीस. म्हणजे वीस जणांचे दोन्ही डोळे धरलेत. एकाच माणसाचे दोन डोळे सख्ख्या भावांसारखे असतात. त्यांना साठ स्वतंत्र साक्षीदार समजून टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांची तुलना) लावली की पी व्हॅल्यू उगाच लहान येते. दंतवाल्यांचे दात आणि ऑर्थोवाल्यांचे गुडघे यांचीही हीच गत. प्रत्येक रुग्णाचा कोणता डोळा घ्यायचा हे आधी ठरवा. दोन्ही घ्यायचेच असतील तर आधी सांगा, म्हणजे दोघांमधलं नातं धरणारी पद्धत वापरता येते.

त्याच शीटमध्ये दृष्टीच्या रकान्यात 'जून-६०' दिसलं. एका मुलाने ६/६० (अधू दृष्टीचं माप) टाइप केलं होतं आणि एक्सेलने त्याची तारीख करून टाकली होती. ६/९ आणि ६/१२ चंही तेच. नंतर फॉरमॅट बदलून मूळ आकडा परत येत नाही, चाळीसच्या चाळीस केसपेपर पुन्हा काढावे लागतात. टायपिंगला बसण्याआधी तो रकाना 'टेक्स्ट' करा. सरासरी हवी असेल तर लॉगमारचा (दृष्टी एकाच आकड्यात मांडणाऱ्या मोजपट्टीचा) वेगळा रकाना ठेवा: ६/६ ला शून्य, ६/६० ला एक.

उणे दिवसांचा मुक्काम

'वॉर्डातला मुक्काम ५.२ ± ७.८ दिवस.' सरासरीतून एसडी वजा करून बघा. उणे २.६. रुग्ण दाखल होण्याआधीच घरी गेला! महिनाभर राहिलेले दोन-तीन रुग्ण सरासरी ओढून नेतात. मुक्काम, सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी), खर्च अशा गोष्टींसाठी मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) आणि चतुर्थक (पाव आणि पाऊण वाटेवरचे आकडे) लिहा.

राशीभविष्य

पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली की फरक 'सिग्निफिकंट' मानतात. ती येईना, की शोधाशोध सुरू होते. बायकांमध्ये बघू, मधुमेहींमध्ये बघू, साठीच्या पुढच्यांमध्ये बघू. औषधात काहीच दम नसताना अशा वीस स्वतंत्र तुलना केल्या, तर निदान एक 'सिग्निफिकंट' निघण्याची शक्यता ६४ टक्के असते.

१९८८ च्या आयसिस-२ चाचणीत हार्ट ॲटॅकचा संशय असलेले १७,१८७ रुग्ण होते, आणि ॲस्पिरिनने मृत्यू कमी होतात हे तिथे स्वच्छ दिसलं. मग संशोधकांनी मुद्दाम जन्मतारखेवरून राशी पाडल्या. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिन किंचित बाधलं असं उत्तर आलं! तूळवाल्यांचं ॲस्पिरिन कुणी बंद केलं नाही. मात्र आपल्या थिसिसमध्ये '४५ ते ५५ वयोगटातल्या पुरुषांत विशेष गुण' असं निघालं की ते थेट निष्कर्षात जातं. कोणते उपगट बघणार ते सिनॉप्सिसमध्येच लिहा. नंतर सुचलेला उपगट असेल तर 'नंतर सुचला' असं स्पष्ट म्हणा.

बारीकसारीक, पण परीक्षक इथेच पकडतात

एसपीएसएस हे सॉफ्टवेअर ०.००० दाखवतं म्हणून ते तसंच उतरवू नका. पी कधी शून्य नसते, '०.००१ पेक्षा कमी' असं लिहा. ग्लुकोमीटर आणि लॅब यांचा मेळ दाखवायला कोरिलेशन (दोन आकडे सोबत वाढतात-घटतात का ते सांगणारा 'आर') पुरत नाही. ग्लुकोमीटर दर वेळी बरोबर २० ने जास्त दाखवत असलं तरी आर पूर्ण १ येणार. तिथे ब्लँड-ऑल्टमनचा, म्हणजे दोन मोजमापांतला फरक दाखवणारा, आलेख काढा.

आणि माहिती नसेल तिथे ९९ भरू नका. शंभर रुग्णांत पाच जणांच्या एचबीसमोर (हिमोग्लोबिनसमोर) ९९ असलं, की बाकीच्यांची ११ ची सरासरी १५.४ होते, आणि रक्त कमी असलेला अख्खा गट कागदावर ठणठणीत बरा होतो. रकाना कोरा सोडा, मी विचारीन.