स्कूटीला गाडीने उडवलं तर: केसपेपरपासून भरपाईपर्यंत

आधी केसपेपर बघा. जखमीला दवाखान्यात नेलं की डॉक्टर विचारतात, "काय झालं?" आणि घाबरलेला माणूस सांगतो, "गाडीवरून पडली." तेवढंच लिहिलं जातं. माझ्या बाबतीत हेच झालं. फेब्रुवारी २०२३ मध्ये कराडजवळ सर्व्हिस रोडला एका कारनं मला डावीकडून ठोकरलं आणि उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. धाकट्या दिरांनी घाईत सांगितलं, "वहिनी स्कूटीवरून पडल्या." पुढे उलटतपासणीत विमा कंपनीच्या वकिलांनी तोच कागद माझ्यासमोर धरला. "बाई, यात कार कुठे आहे?"

म्हणून सोबत जाणाऱ्यानं स्पष्ट सांगायचं, की अमुक गाडीनं धडक दिली, नंबर अमुक. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद, करायला लावायची. मला तारलं ते पंचनाम्यानं. कारच्या इंडिकेटरचे तुकडे रस्त्यावर पडल्याची आणि माझ्या स्कूटीच्या डाव्या पॅनेलला पांढरा रंग घासल्याची नोंद त्यात होती. स्कूटी गॅरेजला टाकण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. दुकानांच्या कॅमेऱ्यांचं फुटेज थोड्याच दिवसांत पुसलं जातं, तेव्हा ते जप्त करावं असा लेखी अर्ज पोलिसांना लगेच द्या आणि पोच घ्या.

उपचाराच्या पैशांसाठी मी मंगळसूत्र गहाण ठेवलं होतं. आता मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे. योजनेतल्या रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत, जास्तीत जास्त दीड लाखाचे उपचार विनापैसे होतात. ११२ ला फोन करून जवळचं असं रुग्णालय विचारा.

तक्रार नोंदवताना हाड मोडल्याचं पोलिसांना सांगाच. फ्रॅक्चर म्हणजे कायद्यानं गंभीर दुखापत, मग भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ आणि १२५(ब) लागतं. पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला, म्हणजे भरपाई ठरवणाऱ्या कोर्टाला, द्यायचा असतो. त्याची प्रत मागा. एफआयआर, पंचनामा, धडक देणाऱ्या गाडीचं आरसी, विमा आणि चालकाचं लायसन्स, एवढ्या कागदांच्या प्रती मिळेपर्यंत पाठ सोडू नका.

दावा टाकायचा त्याच न्यायाधिकरणात, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली. मुदत अपघातापासून ६ महिने, असंच धरून चाला. प्लास्टर निघेपर्यंतच दोन-तीन महिने जातात. अपघात कुठेही होवो, तुम्ही राहता तिथे दावा टाकता येतो. मी साताऱ्यात टाकला. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

चूक कुणाची हे सिद्ध न करता त्याच कायद्याच्या कलम १६४ खाली गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. पण ते स्वीकारले की कलम १६६ चा दावा संपतो, हे पैसे घेण्याआधी समजून घ्या. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर सरकारी योजनेतून गंभीर जखमीला ५० हजार मिळतात. २५ किलोमीटरच्या आतल्या वेगाची आणि २५० वॅटच्या आतली बॅटरी स्कूटी कायद्यानं मोटार वाहनच नाही, तिला नोंदणी किंवा विमा लागत नाही. तिच्यावर असताना कारनं ठोकलं तरी कारवरचा तुमचा दावा शाबूत असतो. हेल्मेट नव्हतं म्हणून सगळा दावा बुडत नाही. डोक्याला मार असेल तर काही टक्के कापले जाऊ शकतात, पण मनगट मोडण्याशी हेल्मेटचा काय संबंध, हे वकिलांना ठामपणे मांडायला सांगा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माझं पोळी-भाजी केंद्र आहे. रोज तीनशेच्या वर पोळ्या. ऑपरेशन करून हाडाला प्लेट बसवल्यावर हात वरवर बरा दिसायचा, सही करता यायची, चहाचा कप उचलता यायचा. पण लाटण्यावर जोर दिला की मनगटापासून कोपरापर्यंत कळ जायची, आणि पोळी एका बाजूला जाड राहायची. जिल्हा रुग्णालयाच्या दाखल्यावर उजव्या हाताचं अपंगत्व १८ टक्के आलं. विमा कंपनीचं म्हणणं, संपूर्ण शरीराचं धरलं तर ६ टक्केच.

इथे पुष्कळ लोक हार मानतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सांगितलंय, की दाखल्यावरचा आकडा म्हणजे कमाईचं नुकसान नव्हे. त्या माणसाच्या कामावर काय परिणाम झाला ते बघायचं. माझं वय ४२, महिन्याची कमाई १२ हजार धरली. स्वतःचा धंदा आणि वय चाळीस ते पन्नास, म्हणून पुढच्या वाढीचे २५ टक्के मिळवून १५ हजार. वर्षाचे १ लाख ८० हजार, गुणिले १४ (४१ ते ४५ वयासाठी ठरलेला गुणक, म्हणजे किती वर्षांची कमाई धरायची तो आकडा), म्हणजे २५ लाख २० हजार. त्याचे ६ टक्के होतात १ लाख ५१ हजार २००. न्यायाधिकरणानं ३० टक्के धरले, तेव्हा झाले ७ लाख ५६ हजार. मोडलेलं मनगट तेच, फरक पुराव्याचा.

पुरावा काय होता? ऑपरेशन करणारे डॉक्टर साक्षीला आले. ते येणार का, हे आधीच विचारून ठेवा. नुसता दाखला जोडून भागत नाही. माझ्याकडे आयकराचा कागद नव्हता. डब्यांची वही होती, फोनवरून आलेल्या पैशांच्या नोंदींचं बँक स्टेटमेंट होतं, आणि रोज डबा नेणाऱ्या दोन ग्राहकांनी प्रतिज्ञापत्र दिलं. पोळ्या लाटायला ठेवलेल्या मावशींना दर महिन्याला पैसे देताना मी त्यांची सही घेतली होती. ते व्हाउचर फार कामी आलं. रिक्षाचं भाडं, फिजिओथेरपी, औषधं, सगळं तारखेनुसार एका फाइलला लावा. वेदनांचे, कामावर खाडा झाल्याचे आणि पौष्टिक आहाराचे पैसेही वेगळे मागायचे असतात. मागितलेच नाहीत तर त्यावर बोलणार कोण?

गृहिणींनो, "मी काही कमवत नाही" असं जबाबात कधीही म्हणू नका. घरकामाचं मोल कोर्ट धरतं. तुम्ही कोणकोणती कामं करत होता ते एकेक करून सांगा.

कारमालक तिसऱ्याच दिवशी फळं आणि स्टॅम्प पेपर घेऊन आले होते. पंचवीस हजारांत मिटवू म्हणाले. प्लास्टरमधल्या हातानं काहीही सही करू नका. तडजोड करायचीच तर लोकअदालतीत, सगळा हिशोब हातात घेऊन करा, कारण तिथल्या निवाड्यावर अपील नाही.

प्लेट काढायचा खर्च मी डॉक्टरांकडून लेटरहेडवर लिहून घेतला होता. निकालात तो वेगळा मंजूर झाला. बाकीच्या रकमेतला मोठा भाग मुदत ठेवीत टाकायचा आदेश झाला, पण ऑपरेशनपुरते पैसे लगेच मिळावेत असा अर्ज वकिलांनी त्याच दिवशी दिला. तो अर्ज तुमच्याही वकिलांना तयार ठेवायला सांगा.